उजवा, डावा की दोन्ही

इंजिनिअर: ...अहो मावशी, सहा वेळा नाही, साठ वेळा नाही, दोन हजार नऊशे सेहेचाळीस वेळा! एका महिन्यात!

बेबीमावशी: बरं मग? मोजायला बसलं होतं कोण?

इंजिनिअर: यंत्रच मोजतं. कुठलं बटण कधी दाबलं, सगळं आत नोंदलं जातं. यंत्र देताना सांगितलं होतं मी तुम्हाला.

बेबीमावशी: सांगितलं असशील. मला वाटलं, किती पुस्तकं वाचली ते मोजत असेल. माझी ही डबी माझ्याच चहाड्या करते, हे नव्हतं ठाऊक.

इंजिनिअर: चहाड्या नाहीत हो! चाचणीसाठी आम्ही चाळीस अंध वाचकांना पुस्तकं वाचून दाखवणारी ही यंत्रं दिली. बाकीच्या एकोणचाळीस जणांकडून 'थांबा' आणि 'मागे' ही दोन बटणं एकदम दाबली गेली ती सगळ्यांची मिळून सतरा वेळा. आणि तुम्ही एकट्या...

दादा: दोन हजार नऊशे सेहेचाळीस. आमची बेबी लहानपणापासून कशात म्हणून मागे नाही.

बेबीमावशी: दादा, तू चहा आणणार होतास ना?

दादा: हा निघालो. आणि इंजिनिअरबाई, त्या डावीकडच्या चौकटीला टेकू नका. सरस ओला आहे. चिकटलात तर खुर्चीसकट ऑफिसला जावं लागेल.

बेबीमावशी: गेला?

इंजिनिअर: गेले.

बेबीमावशी: हसतो वरवर. पण मला काळजी वाटते गं त्याची. आमचं खुर्च्यांचं दुकान हे असं, माहीत आहे ना तुला? तो सुतार, लाकडाची चौकट त्याची. मी विणकरीण, वेताची बैठक माझी. तीस वर्षं एकाच खोलीत, तो त्या भिंतीशी आणि मी या. पूर्वी सकाळपासून ठोकाठोक चालायची, कान किटायचे. आणि हल्ली? दिवसभरात कधीमधी दोन ठोके, की पुन्हा शांत. कामं मिळेनाशी झाली असणार. मला सांगत नाही.

इंजिनिअर: विचारून बघा ना.

बेबीमावशी: विचारलं. म्हणतो, चाललंय. वर सकाळी सहालाच दुकानात येऊन बसतो. म्हणतो, झोप येत नाही. साठीच्या माणसाला झोप येत नाही म्हणजे डोक्यात काहीतरी घोळतंय. दुकान बंद करायचं तर नसेल ना त्याच्या मनात? जाऊ दे. तू तुझं बोल.

इंजिनिअर: माझं असं आहे, की ऑफिसात सगळ्यांनी ठरवून टाकलंय, या बाईंना यंत्र कळलेलं नाही. नाहीतर... रागावू नका हं. नाहीतर यांचा हात थरथरतो.

बेबीमावशी: माझा हात? इकडे ये. ही बैठक चाचपून बघ. एकेक घर मोज. एक जरी घर वाकडं निघालं ना, तर म्हण, बेबीचा हात थरथरतो!

इंजिनिअर: बाप रे. पट्टी लावून आखल्यासारखं आहे.

बेबीमावशी: पट्टी डोळसांना लागते. आण ती डबी. हे बघ, 'थांबा'. हे 'मागे'. हे 'पुढे'. हा आवाज वाढला, हा कमी झाला. चुकले कुठे?

इंजिनिअर: कुठेच नाही! एका वेळी एकच बटण, अगदी अचूक! मग मावशी, ते दोन हजार...

बेबीमावशी: तुमचं मोजणं चुकलं असेल.

इंजिनिअर: तीनदा तपासलं. आज दुपारपर्यंत डोकं खाजवत बसले होते मी आकड्यांपुढे. आणि तुमच्या तिन्ही फॉर्मांवर एकच उत्तर. 'सर्व उत्तम'. 'सर्व उत्तम'. 'सर्व उत्तम'.

बेबीमावशी: फॉर्म दादानं भरले. पण सांगितलं मीच. उत्तमच आहे, त्यात काय खोटं?

इंजिनिअर: मग काळजीच नको. तसंही आम्ही त्यावर उपाय काढलाय. नव्या यंत्रात ती दोन बटणं एकदम दाबली गेली तर यंत्र काहीच करणार नाही. दोन्ही दाब रद्द. म्हणजे चुकून हात पडला तरी गोंधळ नाही.

बेबीमावशी: काहीच करणार नाही?

इंजिनिअर: ढिम्म.

बेबीमावशी: थांबणारसुद्धा नाही?

इंजिनिअर: नाही. आणि तुमच्या या यंत्रातही मी आज तेच घालून देणार आहे. मावशी? तुमचा चेहरा असा का उतरला?

बेबीमावशी: हे... कधी नक्की होणार?

इंजिनिअर: आज चार वाजता. चारला साच्याचा नकाशा कारखान्यात जातो. एकदा साचा कापला की बटणाची कड इकडची तिकडे होत नाही. आता तीन वाजून गेलेत.

दादा: चहा! कप गरम आहेत, बुडाला धरा. काय झालं?

बेबीमावशी: काही नाही. ती डबी सुधारणारेत.

दादा: छान की.

बेबीमावशी: दोन बटणं एकदम दाबली की आता ती ऐकणारच नाही म्हणे.

दादा: अगं मग सांग ना तिला!

बेबीमावशी: दादा.

दादा: दादा काय दादा! चार आण्याची लाज आणि सोन्यासारखी वस्तू हातची घालवतेस! तू सांगतेस की मी सांगू?

बेबीमावशी: तू तोंड उघडलंस तर बघ.

दादा: पायानं, इंजिनिअरबाई. पायानं दाबते ती.

इंजिनिअर: काय?

दादा: पायाच्या अंगठ्यानं. बेबीचा अंगठा हा असा, चमच्याएवढा रुंद. एका बटणावर ठेवला की शेजारचंही दाबलं जातं. हा तुमचा दोन हजार नऊशे सेहेचाळीसचा हिशोब. फुटली एकदाची कोंडी!

बेबीमावशी: फोडलीस. परक्या मुलीसमोर.

इंजिनिअर: मावशी! पण का? हात असताना...

बेबीमावशी: हात असतात कुठे मोकळे? वेत विणताना एका हातानं खालून ओढायचा, दुसऱ्यानं वरून दाबायचा. मध्ये हात सोडला की मागची सगळी घरं सैल. आणि वेत भिजवलेला, हात कोपरापर्यंत ओले. तुमची डबी मी ओल्या हातानं धरू? तुम्ही शिकवलंत, टेबलावर ठेवा, डाव्या हातानं धरा, उजव्यानं दाबा. टेबलापाशी बसून दोन्ही हात मोकळे ठेवायला मी कुठली महाराणी?

इंजिनिअर: पण हे फॉर्ममध्ये का नाही सांगितलंत?

दादा: मी म्हणालो होतो तिला. तुमच्या फॉर्मात प्रश्न होता, 'यंत्र कोणत्या हाताने वापरता? उजवा, डावा की दोन्ही?' मी विचारलं, बेबी, काय लिहू? म्हणाली, उजवा लिही.

बेबीमावशी: पायाचा रकानाच नव्हता!

इंजिनिअर: नव्हता. खरंच नव्हता. देवा, आम्ही चाळीस जणांना हात विचारले.

बेबीमावशी: आणि मला वाटलं, एवढी महागाची वस्तू विश्वासानं दिली आणि ही बाई लाथाडते, असं म्हणतील. परत घेतील. ऐक, आता सांगतेच. बावन्न वर्षांची आहे मी. आजवर दुसऱ्याला वेळ असेल तेव्हा वाचलं. आईला वेळ असेल तेव्हा, भाचीला सुट्टी असेल तेव्हा, जेवल्यावर या दादाच्या डोळ्यावर झोप यायच्या आत. 'आता पुरे हं' हे वाक्य प्रत्येक पुस्तकात होतं. गेल्या महिन्यात पहिल्यांदा मला वाटलं तेव्हा वाचलं. नऊ पुस्तकं! काम करता करता! आणि तू म्हणतेस, ढिम्म.

इंजिनिअर: मी नाही म्हणत! मी आता काहीच म्हणत नाही! मावशी, दाखवा मला. आत्ता. जसं रोज करता तसं.

बेबीमावशी: हसणार नाहीस?

इंजिनिअर: अजिबात नाही.

(मावशी विणायला बसतात. डबी जमिनीवर, ओल्या फडक्यावर.)

डबी: नमस्कार! आपले स्वागत आहे!

बेबीमावशी: हे एक बंद करा बाई आधी. दिवसातून दहादा स्वागत!

दादा: जावई पहिल्यांदा आला तरी इतकं कुणी करत नाही.

डबी: ...कप्तानाने कंदील खाली ठेवला. किल्ली तिसऱ्यांदा फिरवली. कुलपातून आवाज आला, पण दार...

बेबीमावशी: हा बघ, आता वेत संपला. नवा घ्यायचा. अंगठा. थांबली. घेतला, ओवला, ओढला. पुन्हा अंगठा.

डबी: कुलपातून आवाज आला, पण दार उघडले नाही. आतून कुणीतरी...

इंजिनिअर: थांबा, थांबा! हे काय झालं? पुन्हा करा!

बेबीमावशी: काय झालं? मी काही मोडलं नाही हं.

इंजिनिअर: यंत्र वाक्याच्या मध्ये थांबलं होतं. 'पण दार' इथे. आणि सुरू केलंत तेव्हा अर्ध्यातून नाही, वाक्याच्या पहिल्या शब्दापासून वाचलं!

बेबीमावशी: मग? तसंच वाचतं ते. अर्ध्या वाक्यातून कोण वाचेल? वेत ओवेपर्यंत मागचं निसटतं ना डोक्यातून.

इंजिनिअर: नाही वाचत तसं! आम्ही असं काही ठेवलेलंच नाही! नुसतं 'थांबा' दाबलं की ते जिथं थांबलं तिथूनच, शब्दाच्या तुकड्यापासून सुरू होतं. एकोणचाळीस जणांनी हीच तक्रार केलीय, धागा तुटतो! तुमचा अंगठा 'मागे' पण दाबतो, म्हणून यंत्र वाक्याच्या सुरुवातीला जातं आणि मग थांबतं. मावशी, आम्ही तीन आठवडे या तक्रारीवर बैठका घेतोय! उत्तर तुमच्या पायाशी पडलंय!

दादा: बघ. आणि ही म्हणत होती, लाथाडते.

बेबीमावशी: म्हणजे माझं चुकलं नाही?

इंजिनिअर: तुमचं चुकलं ते इतकं छान चुकलं, की ते सगळ्यांना द्यायला हवं! आणि आम्ही आज चार वाजता ते मारून टाकणार होतो. अजून काय काय करता? सगळं सांगा. 'सर्व उत्तम' म्हणालात तर मी ओल्या सरसाला टेकून बसेन.

बेबीमावशी: सांगू? बघ हं, तोंड उघडलं की मी थांबत नाही. पहिलं, बटण. एकच मोठं हवं, कोपऱ्यात, पायाला सापडेल असं. अंगठ्याला, कोपराला, ज्याला जे मोकळं असेल त्याला. मी एकटीच का? कुणी पीठ मळत असेल, कुणाच्या कडेवर पोर असेल. रस्त्यात तर प्रत्येकाच्या एका हातात काठी असते! तुमच्या त्या टेबलापाशी काठी कुठे ठेवायला सांगता?

इंजिनिअर: भिंतीला टेकवून...

बेबीमावशी: झालं! भिंत घेऊन हिंडायचं का आम्ही? दुसरं, बुडाला रबर लावा. गुळगुळीत आहे, पळते पुढे पुढे. म्हणून हे ओलं फडकं. तिसरं, ती चार्जची बोंब. परवा काय झालं, गोष्टीतली ती बाई पेटी उघडते, आत बघते, आणि किंचाळते...

दादा: 'चार्ज कमी आहे!'

बेबीमावशी: अगदी तेव्हाच! मला वाटलं, पेटीत तेच लिहिलंय.

दादा: मला पण.

बेबीमावशी: प्रकरण संपेपर्यंत दम धरा ना. किंवा नुसतं हळूच टिक करा, समजतं आम्हाला. आणि चौथं... दादा, तुला कसं माहीत पेटीचं?

दादा: पडतं की कानावर.

बेबीमावशी: ठोकताना?

दादा: अगं सांग तू चौथं. घड्याळ थांबणार नाही.

बेबीमावशी: चौथं म्हणजे एखादं नाव, 'हे कोण होतं' म्हणून विचारता आलं पाहिजे. त्या कप्तानाला सात भाऊ आहेत. वाचून दाखवणाऱ्या माणसाला विचारता येतं, 'अरे, हा कुठला?' डबीला विचारता येत नाही.

इंजिनिअर: हे आज नाही होणार, पण लिहून घेतलं. पुढच्या वर्षी घालायचंच! थांबा, मी सरांना फोन लावते... हॅलो, सर? हो, मी त्या विणकरीणबाईंकडेच आहे. सर, ते दोन बटणांचं रद्द करू नका. नाही नाही, हात थरथरत नाहीत. पाय. पाय, सर. चालायचा पाय! ...हो, जमिनीवर ठेवून. सर, हसू नका, आधी ऐका. वाक्याच्या सुरुवातीचा प्रश्न सुटला! ...तेच ते! तेच! 'थांबा' दाबलं की आधी वाक्याच्या सुरुवातीला न्यायचं, बस. ...दहा मिनिटांचं काम आहे, मी स्वतः करते. आणि बुडाला रबर, स्वागत एकदाच, चार्जची नुसती टिकटिक, आणि मोठं बटण हवंय कोपऱ्यात. ...हो, साच्यातच. ...जागा? कुठला कोपरा? ...अच्छा. ...हो, मग काढून टाकू ना! त्यात विचार कसला? ...ठेवा, मी पाचच मिनिटांत नक्की सांगते.

बेबीमावशी: काय म्हणाले? अगं बोल ना!

इंजिनिअर: हो म्हणाले! मावशी, हो म्हणाले! आधी हसले, मग म्हणाले, आपल्यापैकी कुणालाच कसं सुचलं नाही. कड उंच असलेलं मोठं बटण, वाक्याची सुरुवात, रबर, स्वागत एकदाच, चार्जची टिकटिक. सगळं!

बेबीमावशी: सगळं? माझं सगळं? दादा, ऐकलंस?

दादा: ऐकलं. आता तुझ्या अंगठ्याला अंगठी करावी म्हणतो.

इंजिनिअर: फक्त बटणाला कोपरा मोकळा करायचाय. तिथं तो निळा दिवा आहे ना, तो काढला की झालं. तसाही त्याचा उपयोग काय? ज्यांच्यासाठी यंत्र, त्यांना तो दिसतच नाही!

बेबीमावशी: डबीला दिवा आहे? मला कुणी बोललं नाही.

इंजिनिअर: वाचन चालू असलं की लागतो, थांबवलं की विझतो. काढून टाकू. लावते पुन्हा फोन.

दादा: दिवा नका काढू.

इंजिनिअर: अहो काका, पण कशाला हवाय? मावशींना तर...

दादा: तिला नसेल. पण तो काढू नका. दुसरीकडे कुठे बसवा.

बेबीमावशी: दादा, एका दिव्यासाठी माझं बटण अडवतोस?

दादा: बटण अडवत नाहीये गं.

बेबीमावशी: मग काय ते सरळ सांग. चार वाजायला आलेत!

दादा: मला कसं कळणार, तू वाचतेयस ते? आवाज तू अगदी बारीक ठेवतेस, मला त्रास नको म्हणून. ठोकत असलो की मला काही ऐकू येत नाही. तो दिवा दिसतो. दिवा लागला की मी हातोडा खाली ठेवतो.

बेबीमावशी: काय?

दादा: तू थांबवलीस, वेत ओवायला लागलीस, की दिवा विझतो. तेवढ्यात मी दोन खिळे ठोकून घेतो. पुन्हा लागला की पुन्हा खाली. मग उरलेला वेळ बसतो पॉलिश करत, घासत, नाहीतर ऐकत. म्हणून ती पेटी ठाऊक मला.

बेबीमावशी: म्हणजे कामं... कामं कमी नाही झाली?

दादा: कमी कसली? अकरा खुर्च्या पडल्यात पुढ्यात. ठोकायचं सगळं सकाळी सहा ते नऊ उरकतो, तू यायच्या आत.

बेबीमावशी: झोप येत नाही म्हणालास मला.

दादा: येते की. छान येते. तीच तर अडचण आहे.

बेबीमावशी: एक महिना! आणि एका शब्दानं बोलला नाहीस?

दादा: बोललो असतो तर तू डबी बंद करून ठेवली असतीस. माझं काम अडतंय म्हणून. ओळखतो मी तुला.

बेबीमावशी: मी इथं मेली काळजी करतेय, हा दुकान बंद करणार म्हणून. आणि तू...

दादा: रडायचं नाही हं. वेत आधीच ओला आहे.

बेबीमावशी: रडत नाहीये. इंजिनिअरबाई, वाजले किती?

इंजिनिअर: चारला वीस मिनिटं कमी. थांबा, मला जरा... हं. चार्जिंगची पिन घालतो ना, तिथं कडेला एक बारीक दिवा आहेच. चार्ज होताना लागतो तो. तोच वाचतानाही लागेल असं करता येईल! साच्याला हातही लावावा लागणार नाही! काका, कडेचा दिवा तुमच्या भिंतीपासून दिसेल?

दादा: डबीची ती बाजू माझ्याकडे वळवून ठेवली तर दिसेल.

बेबीमावशी: ठेवेन. रोज तशीच ठेवेन. आणि तूही आता निदान आठपर्यंत झोप. ठोकायचं असेल तेव्हा खुशाल सांग, मी अंगठा दाबेन. लाव गं फोन.

इंजिनिअर: आधी हे बदलांच्या फॉर्मवर घालते, नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल, अंधांच्या यंत्राला दिवा कशाला, आणि काढून टाकेल. 'वाचताना कडेचा दिवा चालू ठेवावा.' पुढे कारण लिहावं लागतं. काय लिहू, मावशी?

बेबीमावशी: लिही, आमच्या दुकानात एक डोळस माणूस आहे. त्याचीही सोय बघायला हवी.